आकाशातून २०० मेगावॅट: फ्रेझ्नोच्या वीजकराराचं प्रकरण

एप्रिल २००९मध्ये कॅलिफोर्नियातल्या पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक (पुढे नुसतं पीजी अँड ई) या वीज कंपनीने एक खरेदी करार राज्याच्या नियामक आयोगाकडे मंजुरीला पाठवला. विकणारी कंपनी होती सोलॅरेन, लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीचची. तोवर तिने एक युनिटही विकलेलं नव्हतं. सौदा होता २०० मेगावॅट सौरविजेचा, जून २०१६पासून १५ वर्षांसाठी, आणि ही वीज फ्रेझ्नो काउंटीत ग्रिडला मिळणार होती. फक्त सौरपॅनेल फ्रेझ्नोत नव्हती. ती विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, भूस्थिर कक्षेत, म्हणजे जिथला उपग्रह पृथ्वीबरोबर फिरत एकाच जागेच्या वर राहतो तिथे, असणार होती. तिथे तयार झालेली वीज रेडिओलहरींच्या रूपाने खाली सोडायची, जमिनीवरच्या अँटेनांच्या शेतात झेलायची आणि पुन्हा वीज करून तारांमध्ये घालायची, अशी योजना होती.

कल्पना जुनीच. पीटर ग्लेसर या अमेरिकेतल्या अभियंत्याने ती १९६८मध्ये मांडली आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने व नासाने तिचा सविस्तर अभ्यास केला. पण तोपर्यंतचं सगळं काम अभ्यास आणि प्रयोग याच सदरात होतं. सोलॅरेनच्या कागदावर पहिल्यांदाच खरी वीज कंपनी, खरा नियामक, तारीख आणि युनिटांचा आकडा एकत्र आले, म्हणून व्यवहार्यता तपासायला हे प्रकरण चांगलं. गुळगुळीत अहवालापेक्षा फसलेला करार जास्त सांगून जातो.

करारातल्या आकड्यांपासूनच सुरुवात करू. पहिल्या वर्षी ८५ कोटी युनिट आणि नंतर दरवर्षी १७० कोटी युनिट. २०० मेगावॅटचं केंद्र वर्षभर एक क्षणही न थांबता चाललं तर १७५ कोटी युनिट होतात. म्हणजे सोलॅरेनने सुमारे ९७ टक्के वेळ पूर्ण क्षमतेने वीज देण्याचं कबूल केलं होतं. जमिनीवरच्या कुठल्याही सौर प्रकल्पाच्या स्वप्नातही हा आकडा येत नाही. अवकाशात मात्र तो अवाजवी नाही. भूस्थिर कक्षेतला उपग्रह फक्त विषुवदिनांच्या आगेमागे काही आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीच्या सावलीत जातो, तोही जास्तीत जास्त सव्वा तास. वर्षाचा हिशेब केला तर अंधार जेमतेम एक टक्का. ढग नाहीत, पावसाळा नाही, धूळ नाही. या कल्पनेचं सगळं आकर्षण इथेच आहे आणि ते खोटं नाही.

आयोगाने ३ डिसेंबर २००९ रोजी मंजुरी दिली. पुढे काय झालं ते एका ओळीत सांगता येतं: २०१६ आलं आणि गेलं, फ्रेझ्नोला आकाशातून एक युनिटही मिळालं नाही.

सही करण्याला काय लागलं?

पीजी अँड ई ही कसलेली कंपनी. तिच्या अभियंत्यांना अडचणी दिसल्या नसतील असं मानायला माझं मन धजत नाही. तरी सही झाली, कारण सही फुकट होती. वीज मिळाली तरच पैसे. सोलॅरेनचा उपग्रह उडालाच नाही, उडून फुटला किंवा झोत चुकला तरी ग्राहकाच्या बिलावर त्याचा भार नाही. त्या वेळी कॅलिफोर्नियात २०१०पर्यंत २० टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून घेण्याची कायद्याने सक्ती होती आणि पुढचं ३३ टक्क्यांचं लक्ष्यही जाहीर झालेलं होतं. अशा वेळी प्रत्येक दार ठोठावून ठेवण्यात वीज कंपनीचं काहीच जात नव्हतं.

महाराष्ट्राला वीज खरेदी कराराचं दुसरं टोक चांगलंच ठाऊक आहे. डिसेंबर १९९३मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी केलेल्या करारात, प्रकल्प वीज द्यायला सज्ज असला की मंडळाने ती घेवो वा न घेवो, स्थिर आकार भरायचाच होता. मे १९९९मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालू झाला आणि दोन वर्षांत मंडळाने हात टेकले. तिथे केंद्र उभं राहिलं आणि घेणारा बुडायला आला. फ्रेझ्नोत घेणारा कोरडा राहिला आणि केंद्र कागदावरच राहिलं. सगळी जोखीम विकणाऱ्याकडे असली की ग्राहक वाचतो हे खरं, पण मग त्या सहीला तांत्रिक प्रशस्तिपत्र मानायचं कारण उरत नाही. तेव्हाच्या बातम्यांनी नेमकं तेच मानलं. ‘वीज कंपनीने अवकाशातली वीज विकत घेतली’ असे मथळे झळकले. प्रत्यक्षात कुणी काही विकत घेतलं नव्हतं.

(पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१०मध्ये, डॉ. अब्दुल कलाम यांनी अमेरिकेच्या नॅशनल स्पेस सोसायटीबरोबर याच विषयावर भारत-अमेरिका सहकार्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही त्याची चर्चा झाली.)

खरी गाठ: २०० हा आकडा

सोलॅरेनला भांडवल मिळालं नाही, म्हणून प्रकल्प बारगळला, असं सहसा सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. माझ्या मते मूळ अडचण ‘२०० मेगावॅट’ याच आकड्यात होती. आणि तिला अर्थशास्त्र लागत नाही, शाळेतलं प्रकाशाच्या विवर्तनाचं प्रकरण पुरतं.

कुठलाही झोत अंतराबरोबर पसरतो. पाठवणाऱ्या अँटेनाचा व्यास आणि जमिनीवर पडणाऱ्या झोताचा व्यास यांचा गुणाकार तरंगलांबी आणि अंतर यांनी ठरतो, ढोबळमानाने २.४४ गुणिले तरंगलांबी गुणिले अंतर. अंतर आहे ३६,००० किलोमीटर, त्यावर आपला इलाज नाही. आता २.४५ गिगाहर्ट्झची लहर घ्या, घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनची हीच. ती ढगांतून, पावसातून जवळजवळ अडथळ्याविना येते, म्हणून पहिल्यापासून सगळ्यांचा डोळा तिच्यावर. तरंगलांबी सुमारे १२ सेंटिमीटर. गुणाकार करून पाहिला तर वरची अँटेना एक किलोमीटर व्यासाची असेल तेव्हा खालचा झोत १०.७ किलोमीटर व्यासाचा पडतो. फ्रेझ्नो ३६-३७ अक्षांशावर, झोत दक्षिणेकडून तिरपा येणार, म्हणजे वर्तुळ ताणून लंबगोल होणार. एकूण जागा १२० चौरस किलोमीटरच्या घरात. ५.८ गिगाहर्ट्झ वापरलं तर झोत आवळतो आणि २० ते २२ चौरस किलोमीटरमध्ये भागतं.

या सगळ्या हिशेबात ‘किती मेगावॅट’ हा प्रश्न कुठेच आला नाही. पाच मेगावॅट पाठवा नाहीतर पाच हजार, अँटेना आणि शेत तेवढंच लागतं. सत्तरच्या दशकातल्या अभ्यासाने एकेका उपग्रहाला ५,००० मेगावॅटचं माप दिलं होतं ते भव्यतेच्या हौसेपायी नव्हे. एक किलोमीटरची अँटेना आणि दहा बाय तेरा किलोमीटरचं शेत बांधणं भागच असेल तर त्यातून शक्य तितकी वीज ढकलायला हवी, तरच खर्च वाटला जाईल. त्या आराखड्यात झोताच्या मध्यभागी दर चौरस मीटरला २३० वॅट पडत होते, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या पाव हिश्श्याच्याही आत. त्याच आराखड्यातून २०० मेगावॅट सोडले तर मध्यभागीही नऊ-दहा वॅट उरतात आणि कडेला जवळपास काहीच नाही. लहरींचं रूपांतर करणाऱ्या डायोडना किमान काही जोर लागतो. इतक्या विरळ झोतात त्यांची कार्यक्षमता घसरते.

‘आकाशातून मारक किरण येतील’ या भीतीचं उत्तरही इथेच मिळतं, त्यावर जास्त शाई खर्चायला नको.

आता जमिनीचा हिशेब. फ्रेझ्नो काउंटीतच ट्रँक्विलिटी नावाचा सौर प्रकल्प उभा राहिला. क्षमता बरोबर २०० मेगावॅट आणि सुरू झाला तोही २०१६मध्येच. सुमारे १,९०० एकर, म्हणजे पावणेआठ चौरस किलोमीटरच्या आवारात साधी पॅनेल सूर्यामागे वळत असतात. सोलॅरेनने कबूल केलेल्या वार्षिक युनिटांच्या साधारण एक तृतीयांश वीज अशा प्रकल्पातून निघते, अर्थात रात्री शून्य. याच प्रमाणाने १२० चौरस किलोमीटरवर पॅनेल मांडली तर करारातल्या १७० कोटी युनिटांच्या पाचपट वीज होईल. २२ चौरस किलोमीटरवर मांडली तर जवळजवळ तेवढीच. म्हणजे आकाशातली वीज झेलायला जितकी जमीन लागणार, तितक्यात जमिनीवरची वीज तेवढी किंवा कितीतरी जास्त.

समर्थकांचा यावर एक मुद्दा रास्त आहे. झेलणारी अँटेना ही जाळी असते, ऊन-पाऊस खाली उतरू देते, तेव्हा तिच्याखाली शेती करता येईल. फ्रेझ्नो हा बदाम-द्राक्षांचा मुलूख असल्याने तिथे या मुद्द्याला वजन आहे. पण जाळीचे खांब, तारा, देखभालीचे रस्ते असा सगळा पसारा १२० चौरस किलोमीटरवर उभारायचा आणि २०० मेगावॅट घ्यायचे, हे गणित जुळत नाही. दोन हजार मेगावॅट घ्यायचे असतील तर बोलता येईल. मात्र दोन हजार मेगावॅटला पहिल्याच फटक्यात पैसे कोण लावणार? पवनचक्क्या, जमिनीवरचं सौर, यांपैकी प्रत्येक तंत्र छोट्या, महागड्या नमुन्यापासून सुरू झालं आणि करत करत स्वस्त झालं. भूस्थिर कक्षेतल्या केंद्राला ती पायरीच चढता येत नाही. सोलॅरेन नेमकी त्या नसलेल्या पायरीवर पाय ठेवायला गेली.

वजनाचा काटा

बातम्यांमध्ये कंपनीच्या हवाल्याने आलं होतं की अवजड रॉकेटांची चार-पाच उड्डाणं पुरतील. फुगवता येणारे पातळ आरसे, एकमेकांना न जोडता आपापल्या जागी तरंगणारे भाग, अशी तिची पेटंट रचना होती. रचना कल्पक आहे यात शंका नाही, पण काट्यावर घालून पाहू.

२००९मधलं अमेरिकेचं सर्वांत दणकट रॉकेट म्हणजे डेल्टा-४ हेवी. पृथ्वीलगतच्या कक्षेत ते साधारण २८ टन नेई, भूस्थिर कक्षेत थेट न्यायचं तर सात टनांहूनही कमी. उदार होऊन २८ टनच धरू. पाच उड्डाणं, १४० टन. हे सगळं वजन नुसत्या एक किलोमीटर व्यासाच्या अँटेनावर पसरलं, म्हणजे पॅनेल, आरसे, इंधन, दिशा राखणारी यंत्रं यांना शून्य ठेवलं, तरी चौरस मीटरला पावणेदोनशे ग्रॅम येतात. जाडसर सुती चादरीएवढं वजन. त्या चादरीत मायक्रोवेव्ह तयार करणारी इलेक्ट्रॉनिक्स, तारा, आधाराचा सांगाडा आणि उष्णता बाहेर टाकण्याची सोय, सगळं बसवायचं आणि ती किलोमीटरभर सपाट राहायला हवी.

उष्णतेची गोष्ट लोक विसरतात. पॅनेलपासून ग्रिडपर्यंत निम्मी वीज पोचली तरी खूप झालं, म्हणजे वर ४०० मेगावॅट तयार व्हायला हवेत. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक सव्वाचारशे टनांच्या आसपास आहे आणि त्याची वीज शंभर किलोवॅटच्या घरात. इथे त्याच्या चार हजारपट वीज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात हवी होती. वाटेत वाया गेलेल्या विजेतला मोठा वाटा उपग्रहावरच उष्णता होऊन साठतो. अवकाशात वारा नाही, पाणी नाही. उष्णता फक्त प्रारणाने बाहेर जाते आणि त्यासाठी पृष्ठभाग लागतो.

बिनतारी वीज पाठवणं मात्र सिद्ध झालेलं आहे, त्यावर शंका घेण्याचं कारण नाही. जून १९७५मध्ये कॅलिफोर्नियातल्याच गोल्डस्टोन इथे विल्यम ब्राउन आणि रिचर्ड डिकिन्सन यांच्या चमूने दीड किलोमीटरवर ३० किलोवॅटहून जास्त वीज पोचवली होती, आणि झेलणाऱ्या अँटेनावर पडलेल्या लहरींपैकी ८० टक्क्यांहून अधिक ऊर्जेचं परत विजेत रूपांतर झालं होतं. दीड किलोमीटर आणि छत्तीस हजार किलोमीटर यांच्यामधली दरी तेवढी बाकी राहिली.

दरम्यान जमिनीवर

सोलॅरेनचा खरा प्रतिस्पर्धी ती मैदानात उतरण्याआधीच बदलला. २००९ ते २०१९ या दहा वर्षांत मोठ्या सौर प्रकल्पांच्या विजेचा खर्च जगभरात सुमारे ९० टक्क्यांनी उतरला. पीजी अँड ईनेच टोपाझ या ५५० मेगावॅटच्या प्रकल्पाची वीज घ्यायचा करार केला आणि तो प्रकल्प २०१४मध्ये पूर्णही झाला. राहिली रात्रीची वीज, सोलॅरेनच्या हातातला एकमेव हुकमी पत्ता. कॅलिफोर्नियाच्याच किनाऱ्यावरच्या मॉस लँडिंगला डिसेंबर २०२०पासून ३०० मेगावॅटची, चार तास पुरवठा करणारी बॅटरी पीजी अँड ईसाठी चालू झाली. २०२४पर्यंत कॅलिफोर्नियातल्या बॅटऱ्या १०,००० मेगावॅटच्या पुढे गेल्या. जानेवारी २०२५मध्ये मॉस लँडिंगच्या त्या बॅटरी केंद्राला मोठी आग लागली आणि आजूबाजूची वस्ती हलवावी लागली, तेव्हा हा मार्गही निर्धोक नाहीच. चार तासांची बॅटरी सलग आठवडाभर ढगाळ हवेला उपयोगाची नाही, तेही आहे. पण फ्रेझ्नोसारख्या उन्हाच्या गावात संध्याकाळ निभावून नेणं एवढंच काम होतं आणि ते झालं.

खुद्द पीजी अँड ई जानेवारी २०१९मध्ये वणव्यांच्या नुकसानभरपाईपोटी दिवाळखोरी न्यायालयात गेली. वीज वाहून नेणाऱ्या तारांनी जंगलं पेटवली म्हणून. अवकाशातून वीज आली असती तरी शेवटचा प्रवास त्याच तारांतून झाला असता.

कराराच्या चौदा वर्षांनंतर

तंत्र थांबलेलं नाही. पॅसाडेनाच्या कॅलटेक संस्थेने जानेवारी २०२३मध्ये सुमारे ५० किलोंचा एक प्रयोगसंच कक्षेत पाठवला. त्यात तीन प्रयोग होते. एकाने लवचीक, हलक्या अँटेनामधून मायक्रोवेव्ह सोडून फूटभरावरचे छोटे दिवे पेटवले आणि त्याच अँटेनाचा क्षीण संकेत कॅलटेकमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर टिपला गेला. दुसऱ्यात ३२ प्रकारच्या सौरघटांची अवकाशात परीक्षा झाली.

तिसरा मला सगळ्यांत बोलका वाटतो. घडी घातलेली जेमतेम सहा फुटांची चौकट कक्षेत उलगडायची होती. उलगडताना एक तार अडकली. मग खऱ्या रचनेची प्रतिकृती प्रयोगशाळेत ठेवून, कॅमेऱ्यातल्या चित्रांशी ताडून पाहत, उन्हाने तापवणं आणि यंत्रांनी हळूहळू हादरे देणं असे उपाय करत ती मोकळी केली. सप्टेंबर २०२३ संपता संपता चौकट पूर्ण उघडली. सहा फुटांत एक तार अडकली तर इतकी यातायात, आणि सोलॅरेनला किलोमीटरभर पसारा चार-पाच उड्डाणांत, कुणी माणूस जवळ नसताना, उलगडायचा होता. कॅलटेकच्या मंडळींना कमी लेखायचं नाही. अशा अडचणी लहान आकारात, स्वस्तात आधी सापडाव्यात यासाठीच तर तो संच पाठवला होता.

जानेवारी २०२४मध्ये नासाच्या धोरण कार्यालयाने नवा हिशेब मांडला. त्यांनी दोन रचना घेतल्या, दोन्ही २,००० मेगावॅटच्या. २०० कुणी घेतले नाहीत. हलक्या रचनेचं वजन ५,९०० टन, उड्डाणं २,३०० हून जास्त, विजेचा खर्च युनिटला ६१ सेंट. दुसरीचा १ डॉलर ५९ सेंट. ६१ सेंट म्हणजे पन्नास रुपये झाले. त्याच वर्षी महाराष्ट्रात सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीला दिवसा द्यायच्या विजेचे दर तीन रुपयांच्या आसपास ठरले होते. नासाच्या आकड्यात सत्तर टक्क्यांहून जास्त भाग नुसता वर नेण्याचा आहे. उड्डाणं स्वस्त झाली, यंत्रं जास्त टिकली, उत्पादन वाढलं, वरच्या कक्षेत विद्युत इंजिनांनी नेलं, असं सगळं एकाच वेळी मनासारखं घडलं तर हलकी रचना चार सेंटांपर्यंत येते, असंही तोच अहवाल सांगतो. समर्थक चार सेंट उचलून धरतात, विरोधक ६१. मला त्या दोहोंच्या मधली यादी महत्त्वाची वाटते. त्यातल्या उड्डाणाच्या दरावर बाहेरचे लोक आपापल्या कारणांसाठी काम करताहेत. उरलेल्या गोष्टी अवकाश-विजेवाल्यांनाच कराव्या लागतील.

आकाराची गाठ सोडवायचा एक मार्ग अलीकडे काही जण धरताहेत, तो म्हणजे अंतरच कमी करण्याचा. पाचशे किलोमीटरवरून झोत सोडला तर अंतर सत्तरपट घटतं. लेझर वापरला तर तरंगलांबीही कितीतरी लहान होते आणि काही मीटरांच्या ठिपक्यात ऊर्जा उतरवता येते. उद्योजक बैजू भट्ट यांनी २०२४मध्ये जाहीर केलेली एथरफ्लक्स ही कंपनी याच वाटेने निघाली आहे. याची किंमतही आहे. खालच्या कक्षेतला उपग्रह एका जागेवरून काही मिनिटांत निघून जातो, तेव्हा सलग विजेसाठी उपग्रहांची माळ हवी, आणि इन्फ्रारेड लेझरला ढग अडवतात. पण सुरुवात एका उपग्रहाने, काही किलोवॅटने करता येते. ग्राहकही बदलला आहे. अशा कंपन्यांचं पहिलं लक्ष्य ग्रिड नाही, दूरवरचे लष्करी तळ आहेत. तिथे डिझेलचा टँकर ताफ्याच्या बंदोबस्तात न्यावा लागतो, आणि युनिटचा दर विचारणारा नियामक आयोग नसतो.